संथ लहरी

तलवाडा, ता. गेवराई
१२ डिसेंबर १९७२

चि. शहादेव यास आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

त्या सकाळी पाणी पुरवायचं म्हणून मी भांडी राखेनं कोरडीच घासली. टँकर आपल्या वस्तीकडं सगळ्यांत शेवटी येतो, आणि आदल्या दिवशी तो आलाच नव्हता. सुग्रीवनं तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं, ते पाणी घमेल्यात धरून मी शेळीपुढं ठेवलं. सूनबाई सरू मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या भाकरी करत होती. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकर तव्यावर टाकताना हातातच मोडते. सुग्रीव म्हणाला, "ही भाकर हाय का नकाशा?" सरू म्हणाली, "सोसायटीत मापून देणारे तुमीच हाव की. चांगलं पीठ द्या, चांगली भाकर घ्या." तो हसला, टोपी घातली आणि गेला. मी अंगण झाडायला घेतलं.

त्याचं बोलणं मी ऐकलं ते तेवढंच. म्हणून ती सकाळ मी पुन्हा पुन्हा आठवते, काही विसरायला नको म्हणून.

तुझ्यापर्यंत बातमी अर्धीमुर्धी पोचली असेल, म्हणून नीट लिहिते. सोसायटीच्या गोदामात मिलोच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागली होती. ती कलली आणि सुग्रीव तिच्याखाली सापडला. लोकांनी पोती ओढून काढली, पण वेळ गेलाच. अंगावर कुठं जखम नव्हती, फक्त श्वास नव्हता. तालुक्याच्या ट्रकवाल्यानं त्याची छाती दाबून दाबून श्वास परत आणला. पुढं तो बीडच्या दवाखान्यात होता. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, घरी न्या, सेवा करा.

आता तो डोळे उघडतो, मिटतो. चमच्यानं पेज घातली तर गिळतो. पण नजर कुणावर ठरत नाही. सरू हाक मारते, मी हाक मारते, काही नाही.

एक गोष्ट मात्र आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. तुझे मामा, सुग्रीवचे वडील, वारल्यावर गेवराईच्या विहारात भन्तेजींनी मला आनापान शिकवलं होतं. नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, ओढायचा नाही, मोजायचा नाही. मी रोज पहाटे बसते. आता सुग्रीवच्या खाटेशी बसते. माझा श्वास संथ झाला की त्याचाही संथ होतो. मी आत घेते तेव्हा तो घेतो. सरूला दाखवलं, तिलाही पटलं. शेजारची छबुबाई म्हणते, "मने, लेकराला वारा लागला आसंल, तू बुवा बघ." मी बुवा बघणार नाही. पण तू मागं लिहिलं होतंस की तुझ्या संस्थेत मेंदू पाहायचं मशीन आहे आणि श्वासाकडं लक्ष देणाऱ्यांना त्यावर बसवतात. त्या मशीनला कळेल का, सुग्रीव आत आहे की नाही?

तुझी आत्या,
मनकर्णा


पुणे
२० डिसेंबर १९७२

ती. आत्यास शहादेवचा सविनय जयभीम.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे जो झालाच नाही त्या पावसाळ्यात, मी आलो होतो तेव्हा सुग्रीवनं मला सायकलवर डबल सीट गेवराईला सोडलं होतं. वाटेत चढावर मला उतरवून म्हणाला, "पुण्याचं खाऊन लई जड झालास बे."

तू विचारलंस त्याचं सांगतो. मी डॉक्टर नाही, मशीन चालवतो. डोक्याच्या कातडीला चिकट मलम लावून त्यावर बारीक बिल्ले चिकटवतात, त्यांच्या वायरी मशीनला जोडतात. मेंदूत अगदी थोडी वीज सतत चालू असते. ती वाढवून मशीन कागदाच्या लांब पट्टीवर शाईच्या रेघा काढतं. आपण डोळे उघडे ठेवून विचार करत असलो की रेघा बारीक आणि घाईच्या येतात. डोळे मिटून स्वस्थ बसलो की त्या एकसारख्या होतात. आणि जे श्वासाकडे लक्ष देऊन बसतात, त्यांच्या आणखी मोठ्या आणि संथ होत जातात. इथं एक म्हातारे साधू येतात, त्यांच्या लहरी इतक्या संथ की आमचे डॉक्टर पट्टी हातात धरून बघत राहतात. जेवढा सराव जुना, तेवढ्या लहरी संथ, असं सध्या तरी दिसतं आहे. यातून नक्की काय समजायचं यावर त्यांच्यात वाद आहेत.

सुग्रीवला आणता आलं तर आण. मी डॉक्टरांना विचारलं आहे. ते हो म्हणाले. तुझ्याही लहरी बघू म्हणाले, कारण घरी आनापान करणारी खेड्यातली बाई त्यांना अजून मिळालेली नाही.

तुझा,
शहादेव


तलवाडा
४ जानेवारी १९७३

चि. शहादेव यास जयभीम व आशीर्वाद.

आम्ही येतो. सोसायटीचे चेअरमन मोहनराव सरकीच्या ट्रकमधून बीडपर्यंत सोडायला तयार आहेत, पुढं एस.टी. त्यांनी सुग्रीवची मापाड्याची जागा अजून भरलेली नाही. काल दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "मनकर्णाबाई, पोरगा तराजूला प्रामाणिक होता. जागा धरून ठेवतो. पण माझ्याही मागं लोक हायेत." मी म्हटलं, आम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट. सरूचे वडील आश्रुबा चौसाळ्याहून आले होते. पाटोद्याकडचा एक मुलगा आहे, शाळेत शिपाई आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली. माणसं आपलीच, शिकलेली. त्यांनी सरूला मागणी घातली आहे. आश्रुबा माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. बाहेर बाजेवर बसून जमिनीकडं बघत म्हणाले, "विहीणबाई, तुमचं दुःख मला दिसतंय. पण माझी पोर एकवीस वर्साची हाय. ती दुष्काळी कामावर खडी फोडती आन् रातीला त्याचं आंग पुसती. असं किती साल?"

सरू आतून म्हणाली, "दादा, तुमी जा. मामी सांगतील ते."

सरू मला मामी म्हणते. म्हणजे आता ते माझ्यावर आलं. मी आश्रुबांना सांगितलं, पुण्याचं मशीन काय म्हणतं ते कळू द्या. सुग्रीव आत असेल तर त्याची बायको मी कशी देऊ? नसेल तर तिला मी कशी ठेवू? त्यांना हे पटलं. पाटोद्याच्या लोकांना ते होळीपर्यंत थांबवणार आहेत.

छबुबाईनं मला पत्र लिहिताना पाहिलं. म्हणाली, "बोलतीस आमच्यावानी, लिवतीस मास्तरावानी." मी म्हटलं, मास्तर कुठं मिळाला? पुड्यांचे कागद वाचून शिकले, म्हणून छापल्यासारखं लिहिते.

आत्या


पुणे
१२ फेब्रुवारी १९७३

ती. आत्यास सविनय जयभीम.

तुम्ही नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर खोली रिकामी वाटली. तुझ्या केसांतलं ते मलम निघालं का? कोमट पाण्यानं निघतं, पण तुमच्याकडं पाणी कुठलं, हे मला नंतर सुचलं. तुझ्या डोक्याला बिल्ले लावले तेव्हा सरू हसली होती, "मामीचा रेडिओ झाला" म्हणाली होती. तेवढीच ती हसलेली मी पाहिली.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. तुझ्या लहरी त्यांना फार आवडल्या. श्वासाकडं लक्ष दिल्यावर त्या हळूहळू संथ होत गेल्या आणि तू डोळे उघडल्याबरोबर परत नेहमीसारख्या झाल्या.

सुग्रीवच्या लहरी फार संथ आहेत आत्या. मी आजवर मशीनवर पाहिलेल्या माणसांत सर्वांत संथ. डोळे उघडे असले तरी तशाच, मिटले तरी तशाच. टाळी वाजवली, नाव घेतलं, तरी तशाच. डॉक्टर म्हणाले, घरी त्याची काळजी घेत राहा, पाठीला फोड येऊ देऊ नका, पेज बसवून भरवा. आता आणखी काय लिहू. तू समजून घेशील.

शहादेव


तलवाडा
२६ फेब्रुवारी १९७३

चि. शहादेव यास जयभीम व खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग सरूला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून रडली. मी पण रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटून रडले.

म्हातारे साधू इतकी वर्षं बसतात तेव्हा कुठं त्यांच्या लहरी संथ होतात, आणि माझ्या लेकराच्या त्यांच्यापेक्षा संथ. भन्तेजी म्हणायचे, मन एकदा खरं शांत झालं की बाहेरच्या आवाजानं हलत नाही. टाळी वाजवली तरी हलल्या नाहीत असं तू लिहिलंस, तेव्हा मला तेच आठवलं. म्हणजे पोत्यांखाली त्याचा जीव घाबरून खोल गेला आणि तिथंच स्वस्थ बसून राहिला. आता त्याला बाहेर आणायचं ते श्वासानंच आणायचं. मी आता पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा त्याच्याशेजारी बसते. सरू पण बसते. तिचं लक्ष लागत नाही, मग ती त्याच्या कानाशी दिवसभराचं सांगते. खडीवर मुकादम काय म्हणाला, कामावर वाटलेली सुकडी कशी खवट होती, कुणाच्या बैलाला छावणीत जागा मिळाली.

आश्रुबांना मी निरोप दिला. ते स्वतः आले. मी तुझं पत्र त्यांच्यापुढं वाचलं. ते म्हणाले, "मशीन खोटं बोलत नसंल. पर विहीणबाई, तुमाला नीट समजलंय ना?" मी म्हटलं, मी स्वतः त्या मशीनखाली बसून आले आहे, मला नाही समजणार तर कुणाला? त्यांनी सरूकडं पाहिलं. ती म्हणाली, "दादा, त्ये आत हायेत. मी कशी येऊ?"

पाटोद्याला नकार गेला. मोहनरावांनाही मी सांगितलं, जागा धरून ठेवा.

तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. तू तिथं नसतास तर आम्ही अंधारातच राहिलो असतो.

तुझी आत्या


पुणे
२० मार्च १९७३

ती. आत्यास सविनय जयभीम.

पत्राला उशीर झाला. कामाची गर्दी होती. इथंही पाणीकपात आहे. तुमच्याकडं टँकर वेळेवर येतो का? खडीच्या कामावर तू जाऊ नकोस, तुझ्या गुडघ्याला ते झेपणार नाही. सुग्रीवची पाठ कोरडी ठेवत जा. सोबत टाल्कम पावडरचे दोन डबे पाठवतो आहे.

सरूला माझा जयभीम. आश्रुबा परत आले होते का? त्यांचं एकदा ऐकून घ्यायला हरकत नव्हती असं मला वाटतं. बाकी भेटीत.

शहादेव


तलवाडा
२ एप्रिल १९७३

चि. शहादेव यास जयभीम.

डबे मिळाले. पण हे पत्र तुझं नाही. तू असं लिहीत नाहीस. मी सुग्रीवबद्दल दोन पानं लिहिली आणि तू पाणीकपातीचं लिहिलंस. आश्रुबांचं ऐकायला हवं होतं असं तुला का वाटतं?

खोटं लिहू नकोस, आणि अर्धवटही लिहू नकोस. मी शाळेत गेले नाही म्हणून कागदाचा प्रत्येक तुकडा उलटून वाचते, दोन्ही बाजूंनी. तुझ्या पत्राची मागची बाजू कोरी आहे शहादेव. माझ्या लेकराच्या संथ लहरी म्हणजे काय, ते लिही.

आत्या


पुणे
१४ एप्रिल १९७३

ती. आत्यास सविनय जयभीम.

आज जयंती. खाली मिरवणूक चालली आहे. मी गेलो नाही, हे पत्र लिहितो आहे. याआधी दोनदा लिहून फाडलं.

संथ लहरी दोन तऱ्हेच्या असतात. एक तुझ्या. तू श्वासाकडं लक्ष देतेस, मेंदू जागा असतो, त्यानं स्वतःला आवरलेलं असतं. कुणी हाक मारली तर तो लगेच उठून येतो. तुझ्या पट्टीवर ते दिसतं. तू डोळे उघडलेस आणि रेघा धावत आल्या.

दुसऱ्या सुग्रीवच्या. त्या मेंदूनं आवरलेल्या नाहीत. तिथं आवरायला कुणी उरलेलं नाही. पोत्यांखाली श्वास थांबला तेवढ्या वेळात मेंदूला हवा पोचली नाही. मेंदू हवेवाचून फार थोडं टिकतो. विचार करणारा, ओळखणारा, बोलणारा वरचा सगळा भाग तेव्हाच गेला. मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी श्वास चालवणारा आणि घास गिळवणारा थोडासा भाग असतो. तो टणक असतो, तो वाचला. म्हणून तो श्वास घेतो आणि पेज गिळतो. डॉक्टर म्हणाले, यातून माणूस परत येत नाही. हे त्यांनी मला तुम्ही पुण्यात असतानाच सांगितलं होतं.

मला वाटलं, 'टाळी वाजवली तरी तशाच' एवढं लिहिलं की तू समजशील. साधूचं मीच आधी लिहिलं होतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. तुझं आनंदाचं पत्र आलं आणि मी पाणीकपातीचं लिहून पाठवलं.

तुझा श्वास संथ झाला की त्याचाही होतो, याबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मला त्याचं उत्तर माहीत नाही.

शहादेव


तलवाडा
६ मे १९७३

चि. शहादेव यास जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. तू लिहिलं ते खरं लिहिलं होतंस, मी मला हवं ते वाचलं. एवढी वर्षं पुड्यांचे कागद वाचत आले, त्यांत अर्धं वाक्य फाटलेलं असतं आणि ते आपण मनानं पुरं करायचं असतं. ती सवय.

पत्र आलं त्या दिवशी मी ते कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या पहाटे नेहमीसारखी सुग्रीवच्या खाटेशी बसले. त्याचा श्वास आणि माझा श्वास बरोबर चालू झाला. मग मी एक केलं, जे इतक्या महिन्यांत केलं नव्हतं. माझा श्वास मुद्दाम मोडला. भरभर घेतला, मग रोखून धरला. आनापानात हे करायचं नसतं. सुग्रीवचा श्वास होता तसाच चालू राहिला. परत स्वस्थ झाले, तर माझा श्वास आपोआप त्याच्या श्वासाशी जाऊन लागला. त्याचा माझ्याशी नाही. मीच त्याच्यामागं जात होते, आणि मला वाटत होतं तो माझ्यामागं येतोय.

तुझ्या डॉक्टरांना हे सांग. त्यांच्या कामाचं असेल.

तरी मी सरूला सांगितलं नाही. हे मात्र माझं वाईट झालं. मला वाटायचं, आज टँकरला भांडण झालं, आज नको. आज ती दमून आली, आज नको. ती रोज त्याच्या कानाशी बसायची आणि मी चुलीपाशी ऐकायची. एका संध्याकाळी ती त्याला सांगत होती, "सोसायटीत नवा मापाडी बसवलाय. त्याला तराजू धराया येत न्हाई. तुमी लौकर उठा." मोहनरावांनी जागा भरली हे मला तिच्याकडून असं कळलं. त्यांचंही बरोबर आहे. लोक रांगेत उभे असतात.

तेव्हा मी उठले आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. देठाचं तिला कळेना, ते मी वांग्याचा देठ हातात घेऊन सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. काठवट पुढं ओढली, पीठ घेतलं, पाणी घातलं आणि हात पिठात तसाच ठेवून म्हणाली, "मामी, मग मी एवढे दिस त्यांच्या कानात बोलले, ते कुठं गेलं?"

मी चुलीत लाकूड सारलं.

मग ती म्हणाली, "तुमाला कवा कळलं?" मी सांगितलं, जयंती झाली तेव्हा. ती म्हणाली, "मला कावून सांगितलं न्हाई?" मी म्हटलं, तू बोलायचीस ते मला ऐकायला बरं वाटायचं. घरात दुसरं कुणी बोलत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, शहादेव. तसं मला कुणी पाहू नये.

पाटोद्याच्या मुलाचं लग्न गुढीपाडव्यानंतर झालं. हे आश्रुबांनी कळवलं नव्हतं, छबुबाईनं बाजारात ऐकलं. दुसरं स्थळ येईल की नाही माहीत नाही. दुष्काळात कोण सोयरीक करतं, आणि लोक विचारतील नवरा जिवंत असून ही कशी आली. त्याला मी काय उत्तर देऊ तेही माहीत नाही. त्याच्या नाकाशी हात धरला तर श्वास लागतो. कुणी मला विचारलं, तुझा लेक आहे का, तर मी हो म्हणेन की नाही म्हणेन?

मी अजून पहाटे बसते. पण त्याच्या खाटेशी नाही, चुलीपाशी बसते. मन लागत नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, आणि मला दिसतं की हे चालवणारी मी नाहीच. देठ चालवतो. त्याचाही तोच आणि माझाही तोच. भन्तेजी भेटले तर विचारीन की मग यात बघायचं काय. ते काहीतरी चांगलं सांगतील, पण मला ते पटेल असं वाटत नाही.

सरूनं त्या रात्री भाकरी केल्या, मला वाढल्या, सुग्रीवचं अंग पुसलं, त्याला कुशीवर वळवलं. त्याच्या कानाशी बसली नाही. माझ्याशीही बोलली नाही. तिनं तिचं लुगडं आणि बांगड्यांचा डबा पिशवीत भरला नाही, मीच भरला. ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुग्रीवला छबुबाईच्या हवाली करून मी सरूला चौसाळ्याला नेलं, आश्रुबांच्या दारात तिचा हात त्यांच्या हातात दिला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊन सुग्रीवला पेज भरवली.

तुझी आत्या,
मनकर्णा